डोकेदुखीवरचे लेख तपासताना

रविवारच्या पुरवणीत, दिवाळी अंकाच्या आरोग्यविभागात किंवा दवाखान्यात ठेवलेल्या पत्रकात 'सततची डोकेदुखी : कारणे आणि उपाय' या धर्तीचा मजकूर वाचला नाही, असा शिक्षक सापडणे कठीण. या मजकुराचा साचा ठरून गेलेला आहे. आरंभी 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असे एक वाक्य. मग कारणांची यादी : जागरण, ऊन, ताणतणाव, बद्धकोष्ठता, पित्त, चष्म्याचा नंबर, सायनस, रक्तदाब, मेंदूतील गाठ. त्यापाठोपाठ उपायांची यादी : भरपूर पाणी, योगासने, सुंठेचा लेप, लवंगेचे तेल, सकारात्मक विचार. आणि शेवटी 'तरीही न थांबल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.'

या लेखांतील बहुतेक विधाने सुटी सुटी घेतली तर साफ खोटी नसतात. तरीही ज्याचे डोके महिनोन् महिने दुखते आहे, त्याच्या हाती लेख वाचून काही लागत नाही. असे का व्हावे? उत्तरपत्रिका तपासताना आपण 'मुद्दे आले का' एवढेच पाहत नाही. मुद्द्यांचा परस्परसंबंध लागला आहे का, विधानाला पुरावा दिला आहे का, महत्त्वाचे काही सुटले आहे का, हेही पाहतो. त्याच दृष्टीने हा साचा येथे तपासावयाचा आहे.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते त्याला दोन कारणे आहेत. बाकावर डोके टेकून बसलेले मूल पुष्कळदा पालकांच्याही आधी शिक्षकांना दिसते. 'नाटक करतोस' म्हणून त्याला दटावायचे, कपाटातली गोळी द्यायची, घरी पाठवायचे, की पालकांना बोलावून 'आजच डॉक्टरांकडे न्या' असे सांगायचे, हा निर्णय त्यांना उभ्या उभ्या करावा लागतो. दुसरे असे, की 'कारण' आणि 'पुरावा' हे शब्द आपण विज्ञानाच्या तासाला काटेकोरपणे शिकवतो. पण तास संपल्यावर डोके दुखू लागले, की आपणच ते विसरतो.

प्रमाण नसलेली यादी

पहिला दोष यादीच्या रचनेतच आहे. जागरण आणि मेंदूतील गाठ एकाखाली एक छापली, की वाचणाऱ्याला दोहोंची शक्यता सारखीच वाटते. भित्रा वाचक यादीतले शेवटचे कारण उचलतो, निर्धास्त वाचक पहिले. किती जणांत काय आढळते, हे सांगितल्याशिवाय कारणांच्या यादीला अर्थ नाही.

डोकेदुखीच्या शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली घातला. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यातील मूळ विभागणी सोपी आहे. काही डोकेदुखी दुसऱ्या एखाद्या विकाराचे लक्षण म्हणून येते : ताप, मेंदुज्वर, डोक्याला लागलेला मार, गाठ, रक्तस्राव. हिला दुय्यम डोकेदुखी म्हणतात. काही डोकेदुखी हाच मूळ विकार असतो; तपासण्यांत दुसरे काही सापडत नाही. ही प्राथमिक डोकेदुखी. अर्धशिशी म्हणजे मायग्रेन, आणि कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी वाटणारी तणाव-प्रकारची डोकेदुखी, हे तिचे दोन मोठे प्रकार. वारंवार डोके दुखणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक या दोहोंत मोडतात.

कर्नाटकात बंगळूर व भोवतालच्या ग्रामीण भागात १८ ते ६५ वयोगटातील लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मागील वर्षभरात डोके दुखल्याचे शंभरातील सुमारे ६४ जणांनी सांगितले आणि सुमारे २५ जणांना अर्धशिशी असल्याचे आढळले. म्हणजे चौघांत एक! शिक्षकखोलीत बारा जण बसले असतील, तर त्यांत दोन-तीन जण अर्धशिशीचे असण्याचा संभव आहे. मेंदूतील गाठ त्या मानाने अतिशय विरळा. हे प्रमाण न सांगता दोन्ही नावे एका ओळीत लिहिणे म्हणजे नकाशा काढताना मापपट्टीच न देणे होय.

'तपासणीत काही निघाले नाही' या वाक्याचा अर्थही येथे समजून घ्यावयास हवा. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदना टिपणारे चेतातंतू असतात ते मेंदूच्या आवरणांत, तेथील रक्तवाहिन्यांत, डोक्याच्या व मानेच्या स्नायूंत आणि त्वचेत. कपाळ व चेहरा यांची संवेदना नेणारी पाचव्या क्रमांकाची मस्तिष्क-चेता ही खबर मेंदूपर्यंत पोचवते. अर्धशिशीत बिघाड असतो तो या खबर देणाऱ्या यंत्रणेच्या कामात, रचनेत नव्हे. म्हणून छायाचित्र निर्दोष येते. छायाचित्र निर्दोष आले म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

कारण आणि निमित्त

दुसरा दोष अधिक खोल आहे. मराठीत आपल्याकडे 'कारण' आणि 'निमित्त' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि या लेखांत नेमका त्यांचाच घोटाळा होतो. फटाका उडतो तो आतल्या दारूमुळे. काडी हे निमित्त. जागरण, ऊन, उपास, उग्र वास ही अर्धशिशीची निमित्ते आहेत. ज्याला अर्धशिशीचा कल नाही, त्याने रात्रभर जागून काढली तरी त्याला झोप येईल. डोके अर्धे ठणकून उलट्या होणार नाहीत.

आपल्याकडील तीन लाडकी कारणे या कसोटीवर तपासून पाहू.

पहिले पित्त. 'पित्ताने डोके उठले आणि उलटी झाल्यावर उतरले', हे घरोघरी ऐकू येते. निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष तपासण्याजोगा आहे. मळमळ व उलटी ही अर्धशिशीच्या झटक्याचीच लक्षणे आहेत. झटक्यात जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, तोंडाशी येते. काहींचा झटका उलटीनंतर ओसरतोही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर पोटाने डोके दुखवले की डोकेदुखीच्या विकाराने पोट बिघडवले, हा प्रश्न उरतोच; आणि येथे पुरावा बव्हंशी दुसऱ्या बाजूचा आहे. चतुर्थीच्या उपासाला दुखणाऱ्या डोक्याचीही तीच कथा. अनेक तास पोट रिकामे राहिले, की डोके दुखू शकते आणि अर्धशिशीचा झटकाही येऊ शकतो. त्यातच कोणी रोजचा चहा सोडला, तर कॅफिन तुटल्याची डोकेदुखी आणखी जोडीला येते. ती बहुधा शेवटच्या चहानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते. यातले काहीच न विचारता सगळे खापर पित्तावर फुटते.

दुसरे सायनस. कपाळ व डोळ्यांभोवती दुखते, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, हवा बदलली की त्रास वाढतो. तेव्हा हा सायनस, असे रुग्ण स्वतःच ठरवतो. अमेरिकेत अशा २,९९१ लोकांची तपासणी करण्यात आली. त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या डॉक्टरांनी 'सायनसची डोकेदुखी' असे निदान केलेले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांतील ८८ टक्के लोकांची डोकेदुखी प्रत्यक्षात अर्धशिशीच्या प्रकारची निघाली. नाक चोंदणे व डोळ्यांत पाणी येणे हे त्याच पाचव्या चेतेच्या उद्दीपनाचे प्रतिक्षिप्त परिणाम होत. सायनसला खरोखर सूज आली तर बहुधा घट्ट पिवळसर स्राव, ताप, वास न येणे अशी लक्षणे दिसतात.

तिसरा चष्मा. मुलाचे डोके दुखले, की पहिली फेरी चष्म्याच्या दुकानात. डोळ्यांवर ताण येऊन डोके दुखते, हे खरे. पण ते बराच वेळ वाचल्यावर वा फळ्याकडे पाहिल्यावर दुखते आणि डोळ्यांना विश्रांती दिली की थांबते. सकाळी उठतानाच दुखणारे, उलटी आणणारे किंवा खेळतानाही ठणकणारे डोके चष्म्याने थांबेल अशी आशा धरू नये. येथे डोळे तपासू नयेत असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या पडद्यामागील चेतेच्या मुखाशी सूज आहे का, हे पाहू शकतात. कवटीतील दाब वाढल्याची ती महत्त्वाची खूण असते. दुकानातील यंत्रावर नंबर काढून ही खूण समजत नाही.

याउलट, आपल्याकडच्या एका लोकसमजुतीची दखल पाठ्यपुस्तकांनी उशिरा घेतली. 'न्हाले की माझे डोके धरते' असे आपल्या आया-आज्या सांगत. मुंबईतील डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत केस धुणे वा डोक्यावरून न्हाणे हे अर्धशिशीचे निमित्त असल्याचे नोंदले आहे. तेव्हा लोकसमजूत म्हणून काही टाकून द्यावे असे नाही, आणि लोकसमजूत म्हणून काही स्वीकारावे असेही नाही. नोंदी ठेवून पाहावे.

'टेन्शन' या शब्दाने आणखी एक घोटाळा केला आहे. वैद्यकात तो शब्द स्नायूंच्या ताणावरून रूढ झाला. मराठीत 'टेन्शन' म्हणजे काळजी. डॉक्टर 'टेन्शन हेडेक' म्हणतात आणि रुग्ण 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे ऐकतो. स्नायूंचा ताण हे कारण निश्चित न झाल्यामुळेच १९८८ च्या वर्गीकरणात 'तणाव-प्रकारची' असे सावध नाव आले.

विज्ञानानेही कारण बदलले

वाचकांनी असे समजू नये, की चुका केवळ लोकांच्या होतात आणि वैज्ञानिकांना सारे प्रथमपासून ठाऊक असते. अर्धशिशीच्या कारणाचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ११ शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत 'अर्धावभेदक' येतो. ग्रीक वैद्य गॅलेन यानेही अर्ध्या डोक्यावरूनच नाव दिले आणि त्याचा अपभ्रंश होत 'मायग्रेन' शब्द आला. नावे नेमकी, पण पूर्ण खरी नव्हेत. अर्धशिशी पुष्कळांत दोन्ही बाजूंना दुखते. मुलांत तर बहुधा तशीच दुखते. 'दोन्हीकडे दुखते, म्हणजे अर्धशिशी नाही', हे अनुमान म्हणून चुकते.

विसाव्या शतकात अमेरिकेतील हॅरॉल्ड वुल्फ यांनी रक्तवाहिन्यांचा सिद्धान्त मांडला. १९३८ साली त्यांनी व जॉन ग्रॅहॅम यांनी दाखवले, की अर्गोटामाइन हे औषध दिल्यावर कानशिलाच्या रोहिणीचे उडणे कमी होते आणि त्याबरोबर वेदनाही उतरते. म्हणजे रक्तवाहिनी फुगते म्हणून डोके ठणकते, असा निष्कर्ष निघाला. तो अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिला.

पण काही निरीक्षणे त्यात बसत नव्हती. झटक्यापूर्वी काहींना डोळ्यांपुढे नागमोडी, चमकती रेघ सरकताना दिसते. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या अशा रेघांची चित्रे काढून १९४१ साली हिशेब मांडला : मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने पसरत असले पाहिजे. १९४४ साली ब्राझीलचे अरिस्तिदेस लेआओ यांना सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच संथ वेगाने पसरणारी लाट सापडली. तिच्यामागे मेंदूचे विद्युतकार्य काही काळ थंडावत जात होते. १९९० साली गोड्सबी व एडविन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की झटक्याच्या वेळी मानेतील नीलेच्या रक्तात सीजीआरपी नावाचे प्रथिनसदृश द्रव्य वाढते. ते पाचव्या चेतेच्या तंतूंतून स्रवते. २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी झटका चालू असताना रुग्णांच्या रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली, तेव्हा कवटीबाहेरच्या रोहिण्या फुगलेल्या आढळल्याच नाहीत. सीजीआरपीला अडवणारी पहिली प्रतिपिंड-औषधे २०१८ साली वापरात आली, आणि हा मार्ग उलगडणाऱ्या चौघा संशोधकांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला.

रक्तवाहिन्यांचा यात काहीच भाग नाही, असेही नाही. पण ज्याला ऐंशी वर्षांपूर्वी मूळ कारण समजले, ते आज एका लांब साखळीतील एक कडी ठरले आहे. 'औषधाने अमुक थांबले व वेदनाही थांबली, म्हणून अमुक हेच कारण', या वुल्फ यांच्या अनुमानातील फट आपल्या विद्यार्थ्यांनाही दाखवता येईल.

गुण आला, पण कशाने?

तिसरा दोष उपायांच्या यादीत आहे. तेथे प्रत्येक उपायामागचा पुरावा एकच : 'अनेकांना गुण आला आहे.'

माणूस औषध केव्हा घेतो? दुखणे ऐन भरात असताना. डोकेदुखी चढते-उतरते. भरात असलेले दुखणे काही न करताही पुढे उतरण्याचाच संभव अधिक. मधल्या काळात जो कोणता लेप लावला असेल, त्याला श्रेय मिळते.

हे वर्गात सहज दाखवता येते. ३६ विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगावे. ज्यांची बेरीज १० किंवा अधिक येईल, ते 'रुग्ण'. असे सरासरीने सहा निघतील. या रुग्णांचे फासे लाल कापडावर घासावेत. हा झाला उपचार. मग पुन्हा टाकायला सांगावे. सहांपैकी सुमारे पाच जणांची बेरीज १० च्या खाली येईल. कापडाचा गुण किती? शून्य. उपचार न केलेल्या रुग्णांशी तुलना केली, तरच हे उघड होते. प्रयोगाला नियंत्रित गट का लागतो, हे पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा या खेळाने मुलांच्या चांगले ध्यानात राहते.

अशी तुलना प्रत्यक्षात केली तेव्हा काय दिसले? अमेरिकेत अर्धशिशी असलेली ८ ते १७ वर्षांची ३६१ मुले निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडण्यात आले. एका गटाला अमिट्रिप्टिलिन, दुसऱ्याला टोपिरामेट आणि तिसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. अर्ध्याने किंवा त्याहून अधिक डोकेदुखीचे दिवस कमी झालेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के आले. मोठ्या माणसांत उपयोगी ठरलेली ही दोन औषधे मुलांत निरौषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र त्यांचेच अधिक होते. २०१७ साली छापला गेलेला हा अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला.

यावरून 'मुलांची डोकेदुखी खोटी' असा अर्थ काढणे ही घोडचूक होईल. निरौषधी गोळीने कमी झालेले दुखणेही खरेच दुखणे असते. यावरून कळते ते इतकेच, की कोणी लक्ष दिले, आशा वाटली आणि काळ गेला, तर पुष्कळ मुलांना बरे वाटते; म्हणून '१०० पैकी ६० मुलांना गुण आला' एवढ्यावर कोणत्याही काढ्याची, तेलाची वा गोळीची कीर्ती मान्य करता येत नाही. तपासून टिकलेला उपायही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सतत डोके दुखणाऱ्या १० ते १७ वयाच्या १३५ मुलांना एकच औषध दिले होते. एका गटाला त्याबरोबर केवळ माहिती दिली. दुसऱ्याला वेदनेला सामोरे जाण्याचे व शरीर सैल सोडण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण दिले. डोकेदुखीचे दिवस निम्म्याहून कमी झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३६ टक्के, तर दुसऱ्यात ६६ टक्के होते.

यादीत नसलेले कारण

चौथा दोष सर्वांत गंभीर. 'सततच्या' डोकेदुखीवरील लेखात जे कारण आवर्जून यायला हवे, तेच बहुधा गाळलेले असते : डोकेदुखीच्या गोळ्या.

आधीच अर्धशिशी वा तणाव-प्रकारची डोकेदुखी असलेला माणूस वारंवार वेदनाशामक घेऊ लागला, की हळूहळू डोके दुखण्याचे दिवस वाढतात. दिवस वाढले म्हणून गोळ्या वाढतात, गोळ्या वाढल्या म्हणून दिवस वाढतात. वर्गीकरणात याची मर्यादा आकड्यांत दिलेली आहे. पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिनसारखी एकेरी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस. दोन-तीन औषधांची मिश्र गोळी, अर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान गटातील औषधे १० किंवा अधिक दिवस. आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेले असेल, तर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी मानावी. आपल्याकडे चिठ्ठीविना सुटी विकली जाणारी पुष्कळ गोळी मिश्र स्वरूपाची, कॅफिन घातलेली असते. म्हणजे तिची मर्यादा १५ नव्हे, १० दिवसांची!

यातून सुटण्याची वाट म्हणजे गोळ्या थांबवणे. मात्र पहिले काही दिवस दुखणे वाढते, आणि तेथेच माणूस हार खातो. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. नेटाने केले, तर पुष्कळांची डोकेदुखी काही आठवड्यांत पुन्हा अधूनमधूनची होते. हा एक परिच्छेद ज्या लेखात नाही, तो लेख नकळत रुग्णाला गोळ्यांच्याच वाटेवर ढकलतो. शाळेच्या कपाटातील वेदनाशामकांच्या डब्याकडेही या दृष्टीने एकदा पाहावे. एकाच मुलाला महिन्यात कितीदा गोळी दिली, याची नोंद आपल्याकडे असते का? पालकांच्या व डॉक्टरांच्या सांगण्यावाचून ती दिलीच कशी जाते?

धोक्याच्या खुणा शेवटच्या ओळीत

पाचवा दोष 'तरीही न थांबल्यास' या शब्दांत आहे. काही डोकेदुखी थांबण्याची वाट पाहावयाचीच नसते. पुढील खुणा शिक्षकखोलीत लावून ठेवाव्यात असे आम्हांस वाटते.

एका क्षणात परमावधीला पोचलेली, आयुष्यात पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी. ताप आणि मान आखडणे. डोक्याला मार लागल्यावर गुंगी, उलट्या किंवा वाढत जाणारे दुखणे. झोपेतून जागे करणारी किंवा पहाटे उलटीसह येणारी व आठवड्यागणिक वाढणारी डोकेदुखी. दोन-दोन दिसणे, नव्याने आलेला तिरळेपणा, चालताना तोल जाणे, हातपाय लुळे पडणे, झटके येणे. मुलाच्या वागण्यात वा अभ्यासात अचानक झालेला बदल. मोठ्या माणसांत पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. यांतील काही खुणा त्याच घटकेला रुग्णालय गाठण्याच्या आहेत, काही एकदोन दिवसांत डॉक्टरांना दाखवण्याच्या. घरगुती उपायांसाठी थांबण्याची एकही नाही.

आणखी एक खूण आपल्याकडे विशेष महत्त्वाची. घरातील सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखते आणि बाहेर मोकळ्या हवेत गेले की उतरते, असे असेल, तर बंद खोलीतील शेगडी, जनरेटर वा न्हाणीघरातील गॅस गिझर यांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पुष्कळदा डोकेदुखी हाच पहिला इशारा असतो.

मग चांगला लेख कसा असावा?

दोष दाखवणाऱ्याने पर्यायही द्यावा. चांगला लेख धोक्याच्या खुणा प्रथम सांगेल. मग बहुतेकांची डोकेदुखी प्राथमिक असते असा दिलासा देईल. कारण आणि निमित्त वेगळे ठेवील. गोळ्यांचे दिवस मोजायला लावील. आणि उपाय सांगताना त्याची तुलना कशाशी झाली हे लिहील. कारणांची यादी पाठ करायला लावण्याऐवजी तो वाचकाच्या हाती एक साधन देईल : डोकेदुखीची वही.

या वहीत किमान चार आठवडे रोज नोंद करावी. डोके दुखले का. किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले. कोठे आणि कसे दुखले. मळमळ झाली का, उजेड वा आवाज नकोसा वाटला का. आदल्या रात्रीची झोप किती, जेवण केव्हा झाले. मोठ्या मुलींनी व स्त्रियांनी पाळीचे दिवस. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणती गोळी घेतली. न दुखलेल्या दिवसांची नोंदही तितकीच आवश्यक. एरवी निमित्त ठरवणार कशाच्या तुलनेत? अशी वही पुढे ठेवली, तर डॉक्टरांना दहा मिनिटांत जे समजते, ते 'सारखे दुखते हो' या वाक्यातून तासाभरातही समजत नाही.

शाळेलाही यात करण्यासारखे आहे. समजा, आठवीतील एक मुलगी महिन्यातून तीनचारदा मधल्या सुटीनंतर डोके धरून बसते. नाश्ता न करता ती सातची शाळा गाठत असेल, पाण्याची बाटली दिवसभर भरलेलीच राहत असेल, तिची खिडकीजवळची जागा थेट उन्हात येत असेल. जागा बदलणे, डबा लवकर खाऊ देणे, अर्धा तास अंधाऱ्या शांत खोलीत पडू देणे, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. 'गणिताच्याच तासाला कसे दुखते?' असे चारचौघांत विचारले, तर मात्र ती पुढच्या वेळी सांगणारच नाही; आणि एखाद्या दिवशी जे सांगायलाच हवे होते, तेही सांगायचे राहून जाईल. आम्हांस सर्वांत भीती वाटते ती याची.

पुढच्या वेळी 'डोकेदुखी : कारणे आणि उपाय' असा लेख समोर आला, की तो नववी-दहावीच्या वर्गात न्यावा आणि मुलांनाच तपासायला द्यावा. कोणते कारण किती जणांत आढळते, हे सांगितले आहे का? कारण आणि निमित्त वेगळे केले आहेत का? उपायाची तुलना कशाशी केली? गोळ्यांचा उल्लेख आहे का? धोक्याच्या खुणा कोठे छापल्या आहेत? प्रत्येक प्रश्नाला दोन गुण ठेवावेत. किती लेख उत्तीर्ण होतात, ते आम्हांस अवश्य कळवावे.